इंजिन चालू, तेल गरम

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. एका बैठकीत लिहून होणार नाही. दर तासाला बाबांना खुर्चीतून उठवून चार पावलं चालवावं लागतं, त्यामुळे मधेमधे अक्षर बदललं तर समजून घे.

तुला हसू येईल, पण मी छत उघडणारी गाडी घेतेय. जुनी. ऑफिसात सांगितलं तर सगळे म्हणाले, "वा, मजा आहे एका माणसाची!" दिवसभर चष्म्याच्या काचा तपासून डोळे इतके दुखतात की कुणाला काही समजावून सांगायचं त्राण उरत नाही. तुला मात्र सांगते.

तू तीन वर्षांपूर्वी आलीस तेव्हा बाबांची मान थोडी तरी वळत होती. आता मानेपासून कमरेपर्यंत सगळा कणा एक दांडा झालाय, तोही पुढे झुकलेला. नजर कायम दोन पावलांवरच्या फरशीवर. गाडीत बसताना आपण काय करतो? आधी वाकतो, डोकं छताखालून आत घालतो, मग बसतो. बाबांना वाकताच येत नाही. चौदा महिन्यांत ते दोनदा घराबाहेर पडले आणि दोन्ही वेळा रुग्णवाहिकेतून, आडवे.

मग एकदा भांडी घासताना मनात आलं, छतच नसेल तर? दार उघडायचं, सीटकडे पाठ करून उभं राहायचं, सरळ खाली बसायचं आणि पाय आत फिरवायचे. डोक्यावर आपटायला काही नाहीच. मी प्लायवूडचं खोकं करून सीटच्या उंचीवर बाबांना बसवून पाहिलं. जमतं.

ऑटोमॅटिकच हवी, कारण माझं लायसन्स तेवढ्यापुरतंच आहे. क्लचच्या गाडीच्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले, ते तू विसरली नसशीलच. दारं रुंद आणि सीट योग्य उंचीची अशा दोनच गाड्या सापडल्या. लाल गाडी जुनी आहे, एका निवृत्त दातांच्या डॉक्टरीणबाईंची. गिअरबॉक्स जुन्या पद्धतीचा, चार गिअरचा. राखाडी गाडी सहा वर्षांनी नवी आहे, विक्रेत्याकडची. तिच्यात आत दोन क्लच आहेत आणि ते कॉम्प्युटर चालवतो. विक्रेता म्हणतो लाल म्हणजे म्हैस. डॉक्टरीणबाई म्हणतात राखाडी म्हणजे डोकेदुखी.

आतोबांबरोबर तू बावीस वर्षं गिअरबॉक्स उघडलेस. तूच सांग. बाबांना धक्का सोसत नाही. एक धक्का बसला तर तीन दिवस कळा येतात.

तुझी,
मोजपट्टी


११ फेब्रुवारी

मोजपट्टे,

हसले नाही. उलट इतकी वर्षं हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही म्हणून स्वतःलाच दोन शब्द सुनावले.

ऐक. लाल गाडीत इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये तेल असतं. इंजिन तेलाला ढकलतं, तेल चाकांना. त्यामुळे सगळं हळूहळू होतं, आळशी माणूस बिछान्यातून उठतो तसं. पेट्रोल जास्त पितं. पण धक्का तेलातच विरून जातो. राखाडीत तेलाऐवजी क्लच पकडतो आणि सोडतो. मोकळ्या रस्त्यावर मुलायम, पण रहदारीत मुंगीच्या पावलांनी जायचं झालं की गडबडतो. पकडू का सोडू, पकडू का सोडू. नव्या सुनेसारखा.

तरी माझ्या शब्दावर जाऊ नकोस. ग्लास काठोकाठ भर, शेजारच्या सीटवर ताटलीत ठेव आणि गर्दीच्या वेळी दोन्ही गाड्या चालवून बघ. ताटलीत किती पाणी सांडलं ते मोज. मोजायला तुला कुणी शिकवायला नको.

तुझे आतोबा तेल नाकाजवळ नेऊन सांगायचे, गाडीचा मालक कसा आहे. एकदा वास घेऊन म्हणाले, "हा माणूस घाईत असतो आणि बायकोशी बोलत नाही." मालक पैसे न देताच निघून गेला. खरंच निघालं होतं ना!

तुझ्या बाबाला, माझ्या धाकट्याला, म्हणावं, गाडी आली की पहिली फेरी माझ्याकडे. माझे गुडघे आता बसची पायरी चढू देत नाहीत, नाहीतर मीच आले असते. तीन वर्षं झाली त्याचं तोंड पाहून. ते फरशीकडे का असेना.

आत्या


१८ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

ग्लासची परीक्षा झाली. तोच रस्ता, तीच वेळ, प्रत्येक गाडीच्या तीन फेऱ्या.

लाल: ताटलीत सरासरी दोन चमचे पाणी. एकदा कुत्रं आडवं आलं, ती फेरी धरलेली नाही.
राखाडी: मोकळ्या रस्त्यावर एक थेंबही नाही. सिग्नलच्या रांगेत अर्धा ग्लास. शिवाय विक्रेत्याची पँट.

तरी खात्री वाटत नाही. लाल गाडीचा गिअरबॉक्स आज मऊ आहे, पण आतून संपत आला असेल तर? बाबांना घेऊन भर रस्त्यात बंद पडली, तर त्यांना उतरवून दुसऱ्या कुठल्या गाडीत बसवणार? ते बसूच शकत नाहीत. रोज सकाळी जाग येते ती याच प्रश्नाने.

बाबा विचारतात, "आज काय पाहिलंस?" मी सगळं सांगते, ते ऐकतात. काल म्हणाले, "छान." एवढंच. मला वाटतं त्यांना आशा लावून घ्यायची भीती वाटते.

सोबत त्यांचं पाकीट आहे. तिरक्या फळीवर कागद लावून दोन दिवस लिहीत होते. चिकटवूनच दिलं. मी वाचलेलं नाही.

तुझी,
मोजपट्टी


(पाकिटातलं)

ताई,

अक्षर वाईट आहे, हात फळीपर्यंत पोचत नाही.

मला गाडी नको आहे. पोरीला हे सांगवत नाही, म्हणून तुला सांगतो. एकदा बाहेर जाऊन आलं की तीन दिवस मी कामातून जातो. त्यात उघडी गाडी. कपाटातला कोट हँगरसकट उचलून सीटवर ठेवावा तसा मी दिसणार, आणि प्रत्येक सिग्नलला लोक मान वळवून बघणार. त्यांना वळवता येते. मी खुर्चीत बरा आहे. तिला ते खरं वाटणार नाही, पण बरा आहे.

गाड्या बघून येते तेव्हा तिच्या कपड्यांना पेट्रोलचा वास येतो आणि ती अर्धा तास न थांबता बोलते. एरवी आमच्यात औषधाच्या वेळा सोडून बोलणं होत नाही. अशा वेळी "नको" म्हणायला माझं तोंड उघडत नाही. आणि गाडी आली की तिचे उरलेसुरले रविवारही मलाच हिंडवण्यात जातील.

दोन्हींत खोट निघाली तर ती घेणार नाही. तिला तू ओळखतेस. खोट तू काढ. तुझ्यावर तिचा विश्वास आहे. माझं नाव येऊ देऊ नकोस.

तू मला बोलावलंस ते तिने वाचून दाखवलं. त्यावर मी काय लिहू?

धाकटा


२७ फेब्रुवारी

मोजपट्टे,

राखाडी सोडून दे. अर्धा ग्लास म्हणजे फार झालं.

लालबद्दल घाई नको. जुना गिअरबॉक्स वरून गोड बोलतो आणि आत काय चाललंय याचा पत्ता लागू देत नाही. आधी चढावर थांबवून बघ, मागे घसरते का. मग थंड असताना रिव्हर्स टाकून बघ, किती सेकंदांनी पकडतो. तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकून रात्रभर ठेव. कडेला काळी रेघ आली तर वाईट. तुझे आतोबा तर नुसत्या वासावरून मालक कसा आहे ते सांगायचे. एकदा म्हणाले, "हा माणूस घाईत असतो आणि बायकोशी बोलत नाही." मालक पैसे न देताच गेला होता.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तेलाची उंची. बॉनेटखाली मागच्या बाजूला डिपस्टिक असते, लांब लोखंडी पट्टी, तिच्यावर दोन खुणा. गाडी फिरवून आण, इंजिन बंद कर, दहा मिनिटं थांब, मग पट्टी पुसून बुडव. तेल वरच्या खुणेच्या वर गेलेलं दिसलं तर ती गाडी घ्यायची नाही. जास्त तेलाला फेस येतो आणि फेसावर गिअरबॉक्स चालत नाही. मग मला दुसरं काही विचारू नकोस, सरळ परत ये.

आत्या


८ मार्च

प्रिय आत्या,

सगळं केलं. चढावर घसरली नाही. रिव्हर्स एका सेकंदात. कागदावरचा डाग गुलाबी, कडेला रेघ नाही. डॉक्टरीणबाई बिचाऱ्या कंटाळल्या आहेत. काल म्हणाल्या, "अहो, लग्न ठरवताना मी नवऱ्याची इतकी चौकशी केली नव्हती." तरी चहा देतात.

तेल दोन खुणांच्या बरोब्बर मध्ये आहे.

म्हणजे गाडी चांगली आहे, आत्या. एकवीस तारखेला शनिवार आहे, त्या दिवशी जाऊन पक्कं करते. मला आनंद व्हायला हवा, पण खरं सांगू, नुसतं झोपावंसं वाटतंय. बाबा अलीकडे काही विचारत नाहीत. मी आपणहून सांगायला लागले की डोळे मिटून घेतात. गाडी दारात आली की फरक पडेल. पडायला हवा.

तुझी तब्येत कशी आहे? नीट झोप लागते का? गोष्टी लक्षात राहतात ना? सहज विचारतेय.

तुझी,
मोजपट्टी


१२ मार्च
कुरिअरने

पोरी,

ती गाडी घेऊ नकोस. आधी हे पूर्ण वाच आणि मग मला हवं ते बोल.

मी तुला खोटं सांगितलं होतं. अशा गिअरबॉक्सचं तेल इंजिन बंद करून बघायचं नसतंच. इंजिन चालू आणि तेल गरम असताना बघायचं. हे मला झोपेतून उठवून विचारलंस तरी मी सांगेन. इंजिन बंद केलं की वर खेळणारं तेल खाली उतरतं आणि पट्टीवर भरमसाट दिसतं. प्रत्येक चांगल्या गाडीचं तसं दिसतं. लालचंही दिसेल, तू घाबरशील आणि घेणार नाहीस, असा माझा डाव होता.

पण तू लिहितेस, बरोब्बर मध्ये. इंजिन बंद असताना मध्ये, म्हणजे चालू केल्यावर पट्टीच्या टोकालाही लागणार नाही. आत तेलच पुरेसं नाही. कुठून तरी गळतंय, किंवा डाग चांगला दिसावा म्हणून कुणीतरी वरवर नवं तेल भरलंय. असा गिअरबॉक्स महिना दोन महिने गोड चालतो आणि मग चौकात मान टाकतो. मी तुला एका चांगल्या गाडीपासून अडवायला गेले आणि एका वाईट गाडीत बसवत होते.

का केलं तेही सांगते. लपवायला आता उरलं काय? धाकट्याला गाडी नको आहे. त्या पाकिटात तेच होतं. तुला तोंडावर सांगण्याची हिंमत त्याला होईना, म्हणून त्याने मला पुढे केलं. पण त्याला दोष देऊ नकोस. सांगितलं त्याने, केलं मी. तो सहा वर्षांचा असल्यापासून त्याने मागितलेलं मी कधी नाही म्हटलेलं नाही. या वेळी मात्र त्याने जे मागितलं, ते माझ्याही जिवावर आलं होतं. तो इथे येईल म्हणून मी पलंगाखालची अंथरुणांची ट्रंक बाहेर काढून ठेवली होती. ती परत आत ढकलली आणि तुला पत्र लिहायला बसले.

तू मला "गोष्टी लक्षात राहतात ना" म्हणून विचारलंस. राहतात. वासाची गोष्ट दोनदा लिहिली, कारण खोटं पत्र फार छोटं दिसत होतं आणि पान भरायला काही सुचत नव्हतं.

आत्या


१४ मार्च

आत्या,

तुझं कुरिअर यायच्या आदल्या दिवशी तुझा फोनही आला. मी ऑफिसात होते. "इंजिन चालू! चालू ठेवून बघायचं! घेऊ नकोस!" एवढं ओरडलीस आणि मी "आत्या, आत्या" करत असतानाच ठेवून दिलास. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, कुठे आग लागलीय का. पत्र आलं तेव्हा कळलं.

लाल गाडी चांगली आहे.

तू सांगितलंस तसं इंजिन बंद करून पाहिलं, तेल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर होतं. मग पट्टी पुसताना दिसलं, तिच्यावर बारीक अक्षरात कोरलेलं आहे: इंजिन चालू, तेल गरम. मी तिथेच बॉनेटला टेकून उभी राहिले. लहानपणी तू आणि बाबा मला घरीच शिकवायचात, आणि पुस्तकात एक आणि तुम्ही दोघं दुसरंच सांगत असलात, तर मी पुस्तक चुकीचं धरायचे. दहाव्या वर्षी पहिल्यांदा शाळेत गेले तेव्हा बाईंशीही त्यावरून भांडले होते. आणि आता हातात ती पट्टी. शेवटी इंजिन चालू करून पुन्हा पाहिलं. बरोब्बर मध्ये.

तुला तेवढंच कळवलं. आधीचं माप लिहिलं नाही. मला वाटलं, तू विसरायला लागलीस. जी गोष्ट बावीस वर्षं रोज हाताखालून गेली तीच विसरलीस. त्याच पत्रात आतोबांची गोष्टही दुसऱ्यांदा. बाबा वाकू शकत नाहीत, आता तूही विसरणार, मी एकटी कुठे कुठे पुरी पडू? त्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या अंगणात उभ्या उभ्या रडले. त्यांना वाटलं गाडी नापास झाली.

जन्मात पहिल्यांदा मी मोजलेलं लपवलं, ते तुझं मन राखायला. आणि तू तिकडे मला फसवत होतीस, बाबांचं मन राखायला. आणि बाबा माझं. आपल्या घरात कुणीतरी एकदा सरळ "नको" म्हणून पाहायला हवं होतं.

मला राग आलाय. कुणाचा ते अजून ठरत नाही. ठरेपर्यंत लिहीत नाही.

मोजपट्टी


१९ एप्रिल

मोजपट्टे,

पाच आठवडे झाले. तुझं नाही, धाकट्याचंही नाही. पोस्टमन आता माझ्या दाराकडे बघतसुद्धा नाही, सरळ पुढे जातो.

चिडलीस, चीड. हक्क आहे तुझा. पण एक ओळ लिही. गाडीबद्दल विचारत नाही. तुम्ही दोघं एकमेकांशी बोलताय का, तेवढं सांग.

तेलाच्या वासाची गोष्ट परत सांगणार नाही. दुसरी कुठलीच गोष्ट मला येत नाही, हा भाग वेगळा.

आत्या


१० मे

प्रिय आत्या,

राग तसा लवकर गेला होता. लिहायचा कंटाळा मात्र गेला नाही. आज रविवार आहे, बाबा बाहेर आहेत, म्हणून वेळ मिळालाय. बाहेर म्हणजे कुठे ते सांगते. क्रमाने सांगते.

तुझं कुरिअर आल्यावर मी बाबांना काही बोलले नाही. दहा दिवस आम्ही एकमेकांशी पाहुण्यांसारखे वागलो. पाणी देऊ का, हो दे. उशी सरकवू का, नको, ठीक आहे. मग डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, दुसरं गिऱ्हाईक आलंय, काय ते सांगा. त्या संध्याकाळी बाबांना चालवत होते. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता आणि नजर फरशीवर, त्यामुळे मला बोलायला सोपं गेलं.

म्हटलं, "लाल गाडी चांगली आहे. मी घेतेय."

बाबांनी आणखी दोन पावलं टाकली. मग म्हणाले, "मला नको आहे गं."

"माहीत आहे. तुमच्यासाठी नाही. माझ्यासाठी."

ते थांबलेच. "म्हणजे ताईने सांगितलं."

"सांगितलं."

"पोटात काही राहत नाही तिच्या. लहानपणापासून." मग खुर्चीपर्यंत आलो. बसल्यावर म्हणाले, "वही आण."

गाडीच्या चाचण्यांची वही मी तिरक्या फळीवर लावून दिली. ते एकेक पान वाचत गेले, मी शाळेत नव्हते तेव्हा वाचायचे तसे, प्रत्येक आकड्यावर नखाने टिचकी मारत. तेलाच्या पानाशी आले. तिथे मी दोन्ही मापं लिहिली होती, बंद आणि चालू.

"ही दोन्ही लिहिलीस, आणि ताईला एकच कळवलंस?"

"हो."

"का?"

"तिला वाईट वाटू नये म्हणून."

बाबा हसायला लागले. हसताना त्यांच्या बरगड्यांना कळ लागते, म्हणून ते हसणं टाळतात. या वेळी टाळता आलं नाही. "मोजपट्टी म्हणे," एवढंच म्हणाले, आणि मग हसता हसताच डोळे पुसायला मला रुमाल मागितला. त्यांचा हात तिथवर जात नाही. मी पुसले.

गाडी घेतली. मी ती ऑफिसला नेते, छत लावून. एकटं माणूस गाडीत बसलेलं असताना कुणी हाक मारत नाही, हे मला माहीतच नव्हतं. वीस मिनिटं जाताना, वीस मिनिटं येताना. कधी कधी घराजवळ आल्यावर पाच मिनिटं तशीच बसून राहते. हे बाबांना सांगितलं नव्हतं. त्यांना खिडकीतून दिसत होतं म्हणे.

छत जुनं आहे, थोडं गळतं. मागच्या महिन्यात एकदा सीट भिजली, म्हणून रविवारी दारासमोर छत उघडून वाळवत ठेवली होती. बाबा चाकांचा वॉकर धरत धरत दारापर्यंत आले. बराच वेळ उभे. मग म्हणाले, "बसून बघतो. चालू करायची नाही."

प्लायवूडच्या खोक्यावर केलं होतं तसंच केलं. दार उघडलं, पाठ करून उभे राहिले, मी काखेत हात दिले, ते सरळ खाली बसले, मग मी पाय आत फिरवले. आपटायला काही नव्हतंच. पाठीला टेका नीट मिळेना, म्हणून मी सीट जरा मागे कलती केली. कलती केल्यावर सगळे बाबाच मागे कलले, कण्यासकट, मानेसकट, आणि नजर वर गेली.

तसेच वर बघत राहिले. मला वाटलं कळ आली. म्हटलं, "काय होतंय?"

"आभाळ आहे," म्हणाले.

"असतंच बाबा."

"मला नव्हतं. स्ट्रेचरवरून दोनदा दिसलं, पण तेव्हा बघायला कुणाला सुचतं? बिछान्यात पंखा दिसतो." मग जरा वेळाने, "गिअर कुठला आहे?"

"पी. पार्किंगचा."

"राहू दे तोच."

आत्या, फेब्रुवारीपासून मी कुठला गिअर कसा पडतो ते मोजत होते. किती धक्का, किती सेकंद, किती चमचे. आणि त्यांना हवा होता तो एकच गिअर, ज्यात गाडी हलतसुद्धा नाही. तो राखाडीलाही होताच. हे कुठल्या चाचणीत कळणार होतं?

वीस मिनिटं बसले. नंतर दुखलं, पण एकच दिवस. आता दर रविवारी बसतात. समोरच्या घरातल्या बाई पहिल्या वेळी मान वळवून बघत होत्या. परवा त्यांनी बाबांना टोपी आणून दिली, ऊन लागतं म्हणून. बाबांनी घेतली. मला आश्चर्य वाटलं.

तर आता ते बाहेर आहेत ते तिथे. मी पायरीवर बसून लिहितेय, म्हणजे हाक मारली तर ऐकू येईल. अजून मारलेली नाही.

ते तुझ्याकडे येणार नाहीत. मी विचारलं, सरळ विचारलं. म्हणाले, "नाही." असं सरळ "नाही" मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. वाईट वाटलं, पण सोपंही वाटलं. मग म्हणाले, "तू जाऊन ये. दोन दिवस राहा. सकाळ-संध्याकाळची नर्स सांगून ठेव, आणि समोरच्या बाई आहेतच." शुक्रवारी दुपारी निघेन. ट्रंक परत बाहेर काढ. इतक्या लांब मी एकटी कधीच गेले नाही, आणि वाटेत मोठा घाट आहे. तुझ्या हातचा चहा आणि आतोबांची गोष्ट तिसऱ्यांदा, एवढं मिळालं तरी पुरे. फक्त या वेळी ती जोरात सांग, मीही जोरात बोलायची सवय करतेय.

निघण्याआधी तेल बघेन. कसं बघायचं ते आता घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

मी जाते म्हटल्यावर बाबांनी एकच अट घातली. परत आल्यावर गाडी झाडाखाली लावायची नाही.

तुझी,
मोजपट्टी